पराभवाचा पंचनामा

‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे वाक्य शाळेच्या भिंतीवर असते, क्लासच्या जाहिरातीत असते आणि कंपन्यांच्या वार्षिक मेळाव्यातही हमखास ऐकू येते. हरलेल्याला धीर द्यायला ते ठीक आहे. पण हरलेला संघ पुन्हा उभा कसा राहतो, हे समजून घ्यायला त्याचा फारसा उपयोग होत नाही. कारण त्या पायरीवरून वर चढणारे थोडे आणि तिथेच बसून राहणारे किंवा आणखी खाली घसरणारे पुष्कळ. जिद्द दोघांकडेही असते, मेहनतही दोघे करतात. मग फरक कुठे पडतो? खेळातली आणि उद्योगातली काही उदाहरणे बारकाईने पाहिली, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. सावरणारे संघ आधी पराभवाचा नीट पंचनामा करतात. नेमके काय मोडले आणि काय शाबूत आहे, हे ते वेगवेगळे मांडतात आणि मोडले तेवढेच बदलतात. हा पंचनामा प्रामाणिक व्हायचा असेल, तर खरे बोलणाऱ्याला अभय लागते. आणि त्यातून निघालेला उपाय अमलात आणायला माणसे व साधने आधीपासून तयार असावी लागतात. जिद्दीचे काम यानंतर सुरू होते.

१९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडच्या दिवस-रात्र कसोटीत भारताचा दुसरा डाव ३६ धावांत संपला. कसोटी क्रिकेटमधली ही भारताची सर्वांत कमी धावसंख्या. एकाही फलंदाजाला दोन आकडी मजल मारता आली नाही. जोश हेझलवूडने अवघ्या ८ धावांत ५ बळी घेतले, पॅट कमिन्सने ४. मोहम्मद शमीच्या हातावर चेंडू आदळून हाड मोडले. कर्णधार विराट कोहली पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी या सामन्यानंतर मायदेशी परतणार, हे आधीच ठरलेले होते. आता भारत चारही सामने गमावणार, असे भाकीत करणाऱ्या माजी खेळाडूंची रीघ लागली. बरोबर एक महिन्याने, १९ जानेवारी २०२१ रोजी, ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर भारताने शेवटची कसोटी तीन गडी राखून जिंकली आणि मालिका २-१ अशी खिशात घातली. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर एकही कसोटी हरला नव्हता.

या एका महिन्याची गोष्ट बहुतेक वेळा ‘जखमी वाघां’ची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण ॲडलेडचे धावफलक शांतपणे वाचले, तर वेगळेच काही दिसते. त्या सामन्यात भारताने पहिल्या डावात २४४ धावा केल्या होत्या आणि ऑस्ट्रेलियाला १९१ मध्ये गुंडाळून ५३ धावांची आघाडीही घेतली होती. पहिल्या डावात ३ बाद १८८ अशी स्थिती असताना अजिंक्य रहाणेच्या चुकीच्या हाकेवर कोहली ७४ धावांवर धावबाद झाला आणि तिथून डाव घसरला. दुसऱ्या डावातली पडझड तिसऱ्या दिवसाच्या एकाच सत्रात झाली. गुलाबी चेंडू टप्प्यावरून जेमतेम वळत होता, बॅटची कड घेत होता आणि बरेचसे झेल यष्टिरक्षक टिम पेनच्या हातात जात होते. म्हणजे मोडली होती ती फलंदाजी, तीही एका जबरदस्त माऱ्यापुढे. ऑस्ट्रेलियाला दोनशेच्या आत रोखणारी गोलंदाजी शाबूत होती.

इथे घाबरलेल्या संघाने काय केले असते? ३६ धावांत बाद झालेला आणि सर्वोत्तम फलंदाज गमावलेला संघ साहजिकच आणखी एक फलंदाज घेतो. मेलबर्नच्या पुढच्या कसोटीत भारताने कोहलीच्या जागी अष्टपैलू रवींद्र जडेजाला घेतले आणि पाच गोलंदाज खेळवले. एकूण बदल चार. शुभमन गिल आणि मोहम्मद सिराज यांनी त्या सामन्यात पदार्पण केले, यष्टिरक्षणाला ऋषभ पंत आला. स्टीव्ह स्मिथ आणि मार्नस लाबुशेन यांना उजव्या यष्टीबाहेर धावा करू न देता पायांच्या रोखाने मारा करायचा आणि लेगला सापळा लावायचा, ही योजना तशीच चालू ठेवली. स्मिथ पहिल्या डावात शून्यावर आर. अश्विनच्या चेंडूवर लेगलाच झेल देऊन गेला, दुसऱ्या डावात आठ धावांवर जसप्रीत बुमराने त्याचा त्रिफळा उडवला. ऑस्ट्रेलियाचे डाव १९५ आणि २०० धावांत संपले. बदली कर्णधार रहाणेने ११२ धावा केल्या आणि भारत आठ गडी राखून जिंकला. ज्या बाजूवर खापर फोडायला जागा नव्हती, तिच्यावर भारताने आणखी विश्वास टाकला. पराभवाचे असे वाचन जोशात होत नाही, त्यासाठी डोके थंड लागते.

रहाणेच्या त्याच शतकी डावातला एक क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. जडेजा ४९ धावांवर असताना चोरटी धाव घेण्याच्या प्रयत्नात रहाणे धावबाद झाला. शतकवीर कर्णधार आपल्या सहकाऱ्याच्या अर्धशतकाच्या घाईत परतत होता. रहाणे जडेजाजवळ गेला, त्याला थोपटले आणि मगच तंबूकडे वळला. जडेजाने पुढे अर्धशतक पूर्ण केले. अकरा दिवसांपूर्वी कोहलीच्या धावबादात ज्याचा हात होता, तोच माणूस आता कर्णधार होता. चूक झाल्यावर पुढच्या काही सेकंदांत संघातला सर्वांत वरचा माणूस कसा वागतो, हे उरलेले दहाजण पाहत असतात. चूक कबूल करणे या संघात सुरक्षित आहे की नाही, याचा निकाल त्यांच्या मनात तिथेच लागतो.

मालिकेचा शेवट मात्र कर्णधाराच्या स्वभावाने उलगडत नाही. ब्रिस्बेनला पोहोचेपर्यंत बुमरा, अश्विन, जडेजा, हनुमा विहारी असे एकेक जण दुखापतींनी बाहेर गेले होते. चारही कसोट्या खेळलेले भारतीय दोघेच: रहाणे आणि चेतेश्वर पुजारा. ब्रिस्बेनमध्ये उतरलेल्या पाच गोलंदाजांचा त्याआधीचा कसोटी अनुभव सगळा मिळून चार सामन्यांचा होता. पहिल्या डावात ६ बाद १८६ अशी अवस्था असताना पालघरचा शार्दूल ठाकूर आणि पदार्पण करणारा वॉशिंग्टन सुंदर यांनी सातव्या गड्यासाठी १२३ धावा जोडल्या. सिराजने दुसऱ्या डावात ५ बळी घेतले. ३२८ धावांचा पाठलाग करताना गिलने ९१ आणि पंतने नाबाद ८९ धावा केल्या. ही मुले आकाशातून पडली नव्हती. पंत आणि सुंदर २०१६ च्या, तर गिल २०१८ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात खेळले होते. राहुल द्रविडच्या देखरेखीखाली भारत ‘अ’ संघाचे परदेश दौरे वर्षानुवर्षे नियमित होत होते आणि सिराजसारखे गोलंदाज त्यातूनच तावून सुलाखून निघाले होते. ॲडलेडच्या पराभवातून सावरण्याची तयारी ॲडलेडच्या कितीतरी आधी, प्रेक्षक नसलेल्या मैदानांवर झाली होती.

उद्योगात मैदानासारखे सत्र नसते आणि निकाल लागायलाही वर्षे जातात, पण हिशेब हाच. पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला कारखाना असलेल्या टेल्कोने, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेल्या कंपनीने, १९९८ च्या अखेरीस इंडिका ही मोटार बाजारात आणली. सुमारे १,७०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प होता. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल ग्राहकांच्या तक्रारी आल्या. त्याच सुमारास ट्रकच्या बाजारात मोठी मंदी आली, आणि कंपनीचे पोट तर ट्रकवरच भरत होते. २००० - ०१ या वर्षात कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. अनेकांनी खापर इंडिकावर फोडले: ट्रकवाल्यांनी मोटारीच्या नादी लागायलाच नको होते, असे म्हटले गेले. कंपनीने मात्र दुखणी वेगवेगळी मांडली. गाडीतले दोष हे एक दुखणे. त्यावर सुधारित इंडिका व्ही-२ हा २००१ मधला उपाय, आणि ती गाडी चालली. जास्त खर्च हे दुसरे. त्यासाठी पुरवठादारांपासून कारखान्यापर्यंत सगळीकडे खर्चाला कात्री लागली. तिसरे दुखणे मुळातले होते. मोठ्या ट्रकची मागणी अर्थव्यवस्थेच्या चढउतारांबरोबर हेलकावे खाते आणि तिच्याबरोबर अख्खी कंपनी हेलकावे खाते. २००२ - ०३ मध्ये कंपनी सुमारे ३०० कोटी रुपयांच्या नफ्यात आली, तरी या तिसऱ्या दुखण्याचा विचार थांबला नाही.

त्याचे उत्तर म्हणजे मे २००५ मध्ये आलेली टाटा एस, अर्थात आपल्या रस्त्यांवरचा ‘छोटा हाथी’. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने तीनचाकी टेम्पोवाल्यांना काय हवे आहे, याचा शोध घेतला. गल्लीबोळांत शिरेल, कमी तेल पिईल, परवडेल, पण चार चाकांवर स्थिर उभी राहील आणि मालकाला समाजात जरा मान देईल, अशी गाडी त्यांना हवी होती. या गाडीचे दोन सिलिंडरचे ७०२ सीसीचे इंजिन इंडिकाच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनातून घडवलेले होते. ज्या मोटारीला तोट्याचे कारण म्हणून हिणवले गेले, तिच्यातून मिळवलेले ज्ञानच कंपनीला ट्रकच्या चढउतारांपासून सावरायला उपयोगी पडले. २००१ मध्ये चिडून इंडिका बंद केली असती, तर हे इंजिन आले कुठून असते? ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी म्हण आपल्याकडे आहे. पराभवानंतर घाईने केलेले उपाय पुष्कळदा त्याच वाटेने जातात आणि शाबूत असलेली भिंतच पाडून टाकतात.

पंचनामा किती नेमका असू शकतो, याचे आपल्याकडचे सर्वांत स्वच्छ उदाहरण खेळ आणि बाजार दोन्हींच्या बाहेरचे आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चे विक्रम लँडर चंद्रावर आदळले. इस्रोने त्या उतरण्याचा क्षणाक्षणाचा तपास केला. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर दिला, चुका साचत गेल्या, यानाला दिशा बदलायला जेवढा वेग लागत होता तेवढा संगणकाने घातलेल्या मर्यादेत बसत नव्हता, आणि उतरण्यासाठी ठरवलेली जागा जेमतेम ५०० मीटर लांब-रुंद होती. चांद्रयान-३ मध्ये ही जागा सुमारे ४ किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटर केली गेली, पाचवे इंजिन काढून टाकले, इंधन वाढवले, पाय मजबूत केले, वेग मोजणारे नवे लेझर उपकरण बसवले. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी यामागचा विचार एका वाक्यात बसेल असा सांगितला होता: सगळे नीट होईल असे धरून आखणी करण्याऐवजी काय काय बिघडू शकते हे धरून आखणी केली. आणि चांद्रयान-२ चा जो भाग उत्तम चालला होता, तो चंद्राभोवती फिरणारा ऑर्बिटर, नव्या मोहिमेतही संपर्कासाठी वापरला. २३ ऑगस्ट २०२३ ला यान उतरले. काय मोडले आणि काय शाबूत आहे, यांच्या दोन याद्या केल्याचे हे फळ होते.

मग सगळेच असा पंचनामा का करत नाहीत? बुद्धी कमी पडते म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा भीती आड येते. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा नोकिया ही जगातली सर्वांत मोठी मोबाइल कंपनी होती. सात वर्षांत तिचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला. टिमो वुओरी आणि क्वी हुई या अभ्यासकांनी नोकियाच्या अधिकाऱ्यांच्या आणि अभियंत्यांच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये जे मांडले, ते कुठल्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला ओळखीचे वाटेल. आपली सॉफ्टवेअर प्रणाली मागे पडते आहे, हे मधल्या फळीतल्या अनेकांना माहीत होते. पण वरच्यांच्या रागाला घाबरून त्यांनी वाईट बातम्या गोड करून सांगितल्या, आणि वरच्यांनी त्या गोड बातम्यांवर मुदती ठरवल्या. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे घरच्या अब्रूपुरते खरे असेल. संघाच्या बाबतीत झाकलेली मूठ संघालाच बुडवते. याची दुसरी बाजू हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या चमूंचा अभ्यास करताना पाहिली. चांगल्या चमूंकडून औषधांच्या चुका कमी होत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले: चांगल्या चमूंच्या नोंदीत चुका जास्त होत्या. कारण तिथल्या परिचारिका चूक झाली की सांगत होत्या. इतर ठिकाणी त्या मूग गिळून बसत होत्या. ज्या संघात चूक कागदावर येते, तोच संघ ती दुरुस्त करू शकतो.

या मांडणीवर पहिला मोठा आक्षेप नशिबाचा आहे, आणि तो हलका नाही. अतिशय वाईट कामगिरीनंतरची कामगिरी आपोआपच जरा बरी असते. ३६ धावांचा डाव रोज होत नाही. पुढच्या वेळी काहीही केले नाही तरी जास्तच धावा होणार. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांनी इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांची अशीच गफलत दाखवली होती. वाईट उड्डाणानंतर रागावले की पुढचे उड्डाण सुधारते, म्हणजे रागावणे उपयोगी, असे प्रशिक्षक समजत होते. पण ते न रागावताही सुधारले असते. बास टेर वेल यांनी नेदरलँड्सच्या फुटबॉल लीगचा अभ्यास केला, तेव्हाही हेच दिसले: लागोपाठ पराभवांनंतर ज्या क्लबांनी प्रशिक्षकाला काढले ते सावरले, आणि ज्यांनी काढले नाही तेही जवळपास तसेच सावरले. हा आक्षेप मान्यच करायला हवा. त्यामुळेच पराभवानंतरच्या पुढच्याच विजयाला ‘पुनरागमन’ म्हणण्याची घाई करू नये. पण आकड्यांची ही आपोआप होणारी सुधारणा संघाला त्याच्या नेहमीच्या पातळीपर्यंत आणते, तिच्या वर नेत नाही. गॅबावरचा विजय, निम्मा संघ जायबंदी असताना, नेहमीच्या पातळीच्या बराच वर होता. आणि चंद्रावरचे यान नशिबाच्या सरासरीने अलगद उतरत नाही. शिवाय हाच आक्षेप आमच्या म्हणण्याला बळ देतो: प्रशिक्षक हाकलणे, रागावणे, भाषणे ठोकणे या गाजावाजाच्या उपायांचे श्रेय मुख्यतः नशिबाचे असेल, तर खरा फरक शोधायला तपशिलाच्या कामाकडेच पाहावे लागेल.

दुसरा आक्षेप असा की आपल्यापर्यंत जिंकलेल्यांच्याच कथा पोहोचतात. तितकाच नीट पंचनामा करून हरलेल्यांची नोंद कोण ठेवतो? म्हणून हरलेल्यांकडेही पाहू. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध भारत ४६ धावांत बाद झाला, मायदेशातली सर्वांत कमी धावसंख्या. संकट ॲडलेडच्याच जातीचे होते, आणि संघही कागदावर भक्कम होता. कर्णधार रोहित शर्माने खेळपट्टी ओळखण्यात चूक झाल्याचे प्रांजळपणे सांगितले. तिथले नुकसान ढगाळ हवेत वेगवान माऱ्याने केले होते. पुढची कसोटी पुण्याला फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर झाली आणि तिथे मिचेल सँटनरने १३ बळी घेतले. मुंबईला वानखेडेवर १४७ धावांचे लक्ष्य असताना भारत १२१ धावांत संपला. एजाज पटेलचे ११ बळी. मायदेशात बारा वर्षे मालिका न गमावलेला संघ ०-३ असा हरला. फिरकीच्या खेळपट्ट्यांवर आपलेच फलंदाज आता डळमळतात, हे दुखणे पंचनाम्यात नीट उतरलेच नव्हते, असे या निकालांवरून म्हणावे लागते. वॉशिंग्टन सुंदरने पुण्यात ११ बळी घेतले, म्हणजे माणसे होती, जिद्दही होती. मोडलेली जागा मात्र दुसरीच होती. टाटा मोटर्सच्या बाबतीतही तसेच. ‘छोटा हाथी’ घडवणाऱ्या वाघ यांनीच पुढे नॅनोच्या चमूचे नेतृत्व केले. कौशल्य तेच, कंपनी तीच, पण ‘सर्वांत स्वस्त मोटार’ ही ओळखच ग्राहकाला नकोशी झाली आणि २०१८ मध्ये ती गाडी बंद पडली. टेम्पोवाल्याला काय हवे, हे त्याच्याकडूनच समजून घेतल्याने एस चालली होती. नॅनोच्या वेळी किंमत आधी ठरली आणि तिच्यावरच सगळी भिस्त राहिली. एकदा सावरता आले म्हणजे कायम सावरता येते, असे नाही. प्रत्येक पराभव नव्याने वाचावा लागतो.

तिसरा आक्षेप व्यवस्थापकांच्या तोंडून हमखास येतो: चुकांना अभय दिले तर कुणी जबाबदारीने काम करणार नाही. या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. चूक सांगण्याला अभय असणे आणि चुकीचे परिणाम नसणे, या दोन गोष्टी एक नाहीत. ॲडलेडनंतर पृथ्वी शॉ आणि वृद्धिमान साहा यांना जागा गमवावी लागली. इस्रोने पाचवे इंजिन काढले. टेल्कोने खर्चाला कात्री लावली. परिणाम सगळीकडे झाले. ते कारणे समजल्यावर झाले आणि कारणांशी जुळणारे झाले, एवढाच फरक. बळीचा बकरा शोधणारा संघ याच्या उलट करतो: आधी माणूस ठरवतो, मग कारण. त्यातून इतरांनी घ्यायचा तो धडा घेतला जातोच, आणि तो धडा म्हणजे पुढच्या वेळी गप्प बसणे.

चौथा आक्षेप सर्वांत न्याय्य आहे. पर्यायी खेळाडूंची फळी, पुन्हा प्रयत्न करायला चार वर्षे आणि काही शे कोटी रुपये, तोटा सोसायला टाटांसारखे पाठबळ: हे ज्यांच्याकडे आहे त्यांनीच पंचनाम्याच्या गोष्टी कराव्यात. भारतीय पुरुष हॉकीचा इतिहास या आक्षेपाच्या बाजूने साक्ष देतो. २००८ मध्ये संघ ऑलिम्पिकसाठी पात्रच ठरला नाही, २०१२ मध्ये लंडनला शेवटचा आला. नुसत्या निर्धाराने त्यात फरक पडला नाही. परदेशी प्रशिक्षक, शारीरिक तयारीचे शास्त्र, आणि २०१८ पासून ओडिशा सरकारचे प्रायोजकत्व यांनी पाया घातला. साधनांशिवाय सावरा असे कुणाला सांगणे हा अन्यायच आहे. पण साधने मिळाल्यावरही टोकियोत २५ जुलै २०२१ रोजी हा संघ ऑस्ट्रेलियाकडून १-७ असा हरला. दोनच दिवसांनी त्याने स्पेनला ३-० ने हरवले, आणि ५ ऑगस्टला १-३ अशा पिछाडीवरून जर्मनीला ५-४ ने नमवून ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक आणले. त्या दोन दिवसांत पैसा काही करू शकत नव्हता. साधने दुसरी संधी मिळवून देतात. त्या संधीचे काय होते, हे पहिला पराभव कसा वाचला यावर ठरते. आणि बारकाईने नोंद ठेवणे, चूक सांगणाऱ्याचे ऐकून घेणे, दुय्यम फळीतल्या माणसाला अधूनमधून खरे काम देणे, यांना कोट्यवधी लागत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेचा कबड्डी संघ, बचत गट, पतसंस्था किंवा दहा माणसांचे वर्कशॉप, कुणालाही हे जमण्यासारखे आहे.

या साऱ्यातून एक कामाची गोष्ट निघते, आणि ती हरलेल्यांपेक्षा जिंकणाऱ्यांना उद्देशून आहे. न्यूझीलंडकडून झालेल्या पराभवाची मुळे मायदेशातल्या सलग विजयांच्या काळातच वाढत होती. विजयांनी ती झाकून ठेवली. नोकियात खरे न बोलण्याची सवय कंपनी अव्वल असतानाच मुरली होती. उलट भारत ‘अ’ संघाचे दौरे वरिष्ठ संघ जिंकत असतानाही चालू होते. पराभवाच्या दिवशी संघाला नवा स्वभाव धारण करता येत नाही. तो आधीचाच स्वभाव वापरतो. म्हणून ज्याच्या हाती संघ आहे, मग तो प्रशिक्षक असो, शाखाधिकारी असो की मुख्याध्यापक, त्याने सामना जिंकल्यावरही तीन प्रश्न विचारायची सवय लावावी: आज काय मोडता मोडता राहिले? ते कुणाला दिसले होते आणि तो बोलला का? उद्या आपला सर्वांत भरवशाचा माणूस नसेल, तर त्याच्या जागी कोण तयार आहे? या प्रश्नांची उत्तरे जिथे विजयातही मागितली जातात आणि उत्तर देणाऱ्याचे तिथे ऐकले जाते, तो संघ हरणार नाही असे नाही. पण हरल्यावर त्याला कारण शोधत बसावे लागणार नाही, आणि उपाय करायला माणसेही उसनी आणावी लागणार नाहीत.